कान देऊन : ‘फ्लडलँड’, हलगी आणि मागाचा ठोका

मागच्या अंकात इंग्लंडमधल्या लीड्स शहरातल्या ‘द सिस्टर्स ऑफ मर्सी’ या बँडबद्दल आणि त्यांच्या ‘फ्लडलँड’ या अल्बमबद्दल मी चार ओळी लिहिल्या होत्या. नोव्हेंबर १९८७ चा हा अल्बम, गॉथिक रॉक म्हटलं की हमखास निघणारं नाव, बँडमध्ये ढोल वाजवायला माणूस नाही, मशीन आहे आणि तरी ते मला आवडतं, आणि सोलापूरच्या नवी पेठेतलं माझं कॅसेटचं दुकान चालू होतं तेव्हापासून मी तो ऐकतोय, एवढंच त्यात होतं. त्या चार ओळींवर आलेली पत्रं वाचून मी या वेळचे बाकीचे सगळे प्रश्न बाजूला ठेवलेत. जुन्या नाट्यगीतांच्या तबकड्यांबद्दल ज्यांनी विचारलंय त्यांनी पुढच्या अंकापर्यंत थांबावं, ही विनंती.

प्रश्न : माझा मुलगा अकरावीत आहे. दिवाळीपासून काळ्या शर्टाशिवाय दुसरं काही घालत नाही. दार लावून तासन् तास इंग्रजी गाणी ऐकतो. तुमचा मजकूर वाचून कळलं की तो ऐकतो तो हाच अल्बम. गाणारा माणूस खोल विहिरीतून बोलावं तसा गातो. शेजारच्या काकू म्हणाल्या, हे सैतानाचं संगीत असतं, पोरं त्यानं बिघडतात. अभ्यास ठीक चाललाय, पण मला रात्री झोप लागत नाही. मी काय करू?
(एक आई, होटगी रोड)

उत्तर : ताई, सैतानाचं आधी बोलू, कारण ते मनातून गेल्याशिवाय माझं पुढचं तुम्हाला पटायचं नाही. या अल्बममध्ये आठ गाणी आहेत आणि आठही मला पाठ आहेत. त्यात सैतानाची भक्ती कुठंही नाही. तुटलेली दोस्ती आहे, कोसळणारी साम्राज्यं आहेत, अमेरिका आणि रशिया एकमेकांवर अण्वस्त्रं रोखून बसले होते त्या काळातली धास्ती आहे, आणि चढत जाणारं पाणी आहे. हे सगळं एक माणूस खालच्या पट्टीत सांगतो. तुम्हाला तो विहिरीतून बोलल्यासारखा वाटला, ते अगदी बरोबर ऐकलंत. मोठ्या रिकाम्या जागेत आवाज भिंतींवर आपटून परत यावा, तसा परिणाम स्टुडिओत त्या आवाजावर मुद्दाम चढवलेला आहे.

‘गॉथिक’ हा शब्द पूर्वी युरोपातल्या टोकदार कमानींच्या उंच चर्चसाठी वापरायचे. पुढे तो ओसाड वाडे आणि तळघरांच्या इंग्रजी भयकथांना लागला. १९८० च्या आसपास इंग्लंडात पंक या वेगवान, बंडखोर रॉकचा जोर ओसरला आणि काही बँड संथ, गडद, घुमणारं रॉक वाजवायला लागले, त्यांच्यावर तो येऊन बसला. नॉर्दम्प्टनचा बाउहाउस, लंडनचा सूझी अँड द बॅन्शीज ही त्यातली आधीची नावं. १९८२ मध्ये लंडनच्या सोहो भागात बॅटकेव्ह नावाचा क्लब सुरू झाला. काळे कपडे, पांढरा चेहरा, डोळ्यांभोवती काजळ हा वेश तिथल्या फोटोंमधून जगभर गेला. तुमच्या मुलाचा काळा शर्ट तिथून चालत आलाय. ‘सिस्टर्स’चा गायक अँड्र्यू एल्ड्रिच मात्र स्वतःला गॉथ म्हणवून घ्यायला तयार नाही, आम्ही साधा रॉक बँड आहोत असंच तो सांगत आलाय. मला त्याचं म्हणणं कळतं, तरी मी हा शब्द वापरतो. दुकानात कॅसेट कुठल्या फळीवर ठेवायची ते मला ठरवावं लागायचं, आणि ज्याला हवी त्याला ती सापडावीही लागायची.

काळ्या रंगाचं म्हणाल, तर आपण सोलापूरकर जानेवारीत काय करतो ते आठवा. सिद्धेश्वराच्या यात्रेत नंदीध्वज पेलणारे मानकरी पांढऱ्याशुभ्र बाराबंदीत असतात, आणि त्याच दिवसांत घरोघरी बायका संक्रांतीची काळी साडी नेसतात. थंडीत काळा रंग ऊब धरतो. माझ्या आईची काळी चंद्रकळा अजून ट्रंकेत घडी घालून ठेवलेली आहे. तिच्यात आम्हाला कधी अभद्र दिसलं नाही.

आता तुम्ही काय करायचं. दार वाजवा, आत जाऊन बसा आणि म्हणा, ‘यातलं तुला आवडतं ते एक गाणं मला ऐकव.’ गाणं चालू असताना बोलू नका, मोबाईल बघू नका. त्यानं निवडलेलं तुम्हाला जड वाटलं तर ‘१९५९’ नावाचं गाणं लावायला सांगा. त्यात ढोल नाही, गिटार नाही, फक्त पियानो आणि आवाज. १९५९ हे गायकाचं जन्मवर्ष. त्या गाण्यात तुम्हाला विहीर ऐकू येणार नाही, दिवाणखान्यात कुणीतरी एकटं बसलंय एवढंच ऐकू येईल. संपल्यावर लगेच ‘छान होतं’ म्हणायची घाई करू नका. तोच बोलायला लागेल.

एक गोष्ट मात्र मी दुकानदार म्हणून नाही, दोन मुलांचा बाप म्हणून लिहितो. मुलगा जेवत नसेल, रात्रीची झोप उडाली असेल, मित्रांना टाळत असेल, आपण नसतो तर बरं असं काही बोलत असेल, तर गाण्यांचा विचार सोडा आणि डॉक्टरांकडे न्या. सरकारच्या टेली मानस या सेवेचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो, तिथं मराठीत बोलता येतं. तुमच्या पत्रावरून तसं काही दिसत नाही. अभ्यास ठीक आहे, घरात आहे, आणि जे ऐकतोय ते मन लावून ऐकतोय. त्या वयात मीही असाच होतो, फक्त दार लावायला खोली नव्हती.

प्रश्न : मी मोहोळ तालुक्यातला. आमच्या घरात तीन पिढ्या हलगी आहे. तुम्ही लिहिलंय की या बँडमध्ये ढोल वाजवणारा माणूसच नाही, मशीन आहे, आणि तरी तुम्ही त्याचं कौतुक करताय. आमच्याकडं वरातीत आता डीजे लावतात, हलगीवाल्याला कुणी बोलावत नाही. मागच्या लगीनसराईत मला चारच सुपाऱ्या मिळाल्या. मशीन वाजवते त्याला संगीत का म्हणायचं, आणि तुम्ही कुणाच्या बाजूचे?
(एक हलगीवादक)

उत्तर : दादा, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. वरातीच्या बाबतीत मी पूर्णपणे तुमच्या बाजूचा आहे. हलगीवाला शेकोटीपाशी बसून कातडं तापवतो, बोटानं टिचकी मारून बघतो, पुन्हा आचेवर धरतो, आणि मग एका हातात जाड टिपरू, दुसऱ्यात बारीक काडी घेऊन पहिली थाप देतो. त्या थापेला समोरच्याचे पाय दिसत असतात. नाचणारा दमला की हात हलका होतो, पालखी वळणावर आली की चढतो. हे कुठल्याच यंत्राला जमत नाही. पैसे वाचवायला तुमच्या जागी यंत्र आणून ठेवणं हा तुमच्यावर अन्याय आहे, आणि वरातीचंही त्यात नुकसानच आहे.

‘सिस्टर्स’नी यंत्र आणलं ते दुसऱ्या कारणानं. १९८० मध्ये लीड्समध्ये हा बँड सुरू झाला तेव्हा ड्रम एल्ड्रिच स्वतःच वाजवत होता. पहिल्या रेकॉर्डवर तोच आहे. मग तो गायला पुढे आला आणि मागे बॉस कंपनीची ‘डॉक्टर ऱ्हिदम’ नावाची छोटी पेटी ठेवली. तिच्यात चारच आवाज होते. त्या पेटीला त्यांनी नाव दिलं ‘डॉक्टर अव्हलाँच’. अव्हलाँच म्हणजे बर्फाचा कडा कोसळतो तो. पुढे पेट्या बदलल्या, एकापेक्षा एक मोठ्या आल्या, नाव तेच राहिलं. बँडमधली माणसं येत-जात राहिली. डॉक्टर आजही आहे, आणि एल्ड्रिच त्याचं नाव बँडचा माणूस म्हणूनच घेतो. म्हणजे यंत्र लपवून माणूस वाजवतोय असं भासवलेलं नाही. यंत्र आहे, आणि ते यंत्रासारखंच वाजणार, हे पहिल्या ठोक्यापासून कळतं.

आता त्याला संगीत का म्हणायचं. तुम्ही मोहोळचे, म्हणजे सोलापुरी चादर कशी विणतात ते पाहिलं असेल. मागाच्या डोक्यावर जेकॉर्ड असतो. त्यातून भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ फिरते. जिथं भोक आहे तिथं ताण्याचा उभा दोरा उचलला जातो, नाही तिथं तो खाली राहतो, आणि मधून धोटा जातो. दोरा वर किंवा दोरा खाली, यापलीकडे मागाला काही कळत नाही. तरी चादरीवर मोर उमटतो. तो मोर मागाचा नसतो. कागदावर चौकटी आखून, कुठल्या घरात भोक पाडायचं ते ठरवत आठवडा-आठवडा मान मोडणाऱ्या माणसाचा असतो. ड्रम मशीनही तसंच आहे. एका आवर्तनाची सोळा घरं पाडलेली असतात. कुठल्या घरात ठोका टाकायचा, कुठलं मोकळं सोडायचं, हे माणूस बसून भरतो. मोकळी घरं जास्त कठीण. ती कुठं ठेवायची ते कानालाच कळावं लागतं.

आणि यंत्राचा ठोका तसूभर हलत नाही, म्हणून त्याच्या भोवतीचं सगळं हललेलं ऐकू येतं. ताणा ताठ असला की बाण्याचा एकेक आडवा दोरा दिसतो, तसं. गाणाऱ्याचा श्वास कुठं कमी पडला, गिटार ठोक्याच्या केसभर मागे कुठं राहिली, बेस, म्हणजे खालच्या सुरांची गिटार, कुठं घाई करतोय, हे सगळं उघडं पडतं. तुमच्या हलगीबरोबर गाणारा थोडा सुटला तर तुम्ही त्याला सांभाळून घेता. डॉक्टर सांभाळून घेत नाही. त्यापुढं उभं राहून माणसाला आपल्या आवाजावर एकट्यानं उभं राहावं लागतं, आणि या अल्बममध्ये मला तेच ऐकावंसं वाटतं.

तुम्ही विचारलंत कुणाच्या बाजूचा. पुढच्या महिन्यात माझ्या पुतण्याचं लग्न आहे. वरात साखर पेठेतून निघेल. संपादकांकडे तुमचा पत्ता आहे, मी स्वतः येऊन सुपारी देतो.

प्रश्न : ‘सिस्टर्स ऑफ मर्सी’ म्हणजे ख्रिस्ती जोगिणींचा संघ ना? मग या रॉकवाल्यांनी ते नाव का घेतलं?
(निवृत्त शिक्षिका, बार्शी)

उत्तर : होय बाई, त्या नावाचा संघ खराच आहे. कॅथरीन मॅकॉले यांनी तो १८३१ मध्ये डब्लिनला स्थापन केला, आणि त्यांच्या शाळा-दवाखाने पुढे कितीतरी देशांत गेले. बँडनं नाव घेतलं ते मात्र लेनर्ड कोहेन या कॅनडाच्या कवी-गायकाच्या गाण्यावरून. संघाचा आणि बँडचा संबंध नाही.

प्रश्न : मी टेक्स्टाइलचा डिप्लोमा करतोय. तुमचं वाचून ‘फ्लडलँड’ मोबाईलवर लावलं. खरं सांगतो काका, सगळी गाणी एकसारखी वाटली आणि तिसऱ्यात बंद केलं. कुठून सुरू करू? आणि सगळीकडे पूर-पूर का आहे?
(विद्यार्थी, अक्कलकोट रोड)

उत्तर : खरं सांगितलंस ते बरं केलंस. दोष तुझ्या कानांचा नाही. या अल्बमचा सगळा भार बेसवर आहे, आणि मोबाईलच्या नखाएवढ्या स्पीकरातून बेस येतच नाही. ताणा काढून घेतलेली चादर तू बघितलीस. बरा हेडफोन घे, नसेल तर मित्राकडच्या मोठ्या स्पीकरवर ऐक. आवाज फार वाढवू नकोस, खोलीतला दिवा घालव.

जिथं बंद केलंस तिथूनच सुरू कर. तिसरं गाणं, ‘लुक्रेशिया माय रिफ्लेक्शन’. डॉक्टरचा ठोका, आणि त्यावर बेसचा एक तुकडा. तो तुकडा जवळजवळ पाच मिनिटं फिरत राहतो. पहिल्या वेळी वाटेल की काहीच घडत नाही. दुसऱ्या वेळी बेसवर लक्ष ठेवू नकोस, त्याच्या वरून काय-काय येतंय-जातंय ते ऐक. या गाण्यात एका अवाढव्य यंत्राची गर्जना आहे आणि कोसळलेलं साम्राज्य आहे. आता लीड्स कसलं शहर ते बघ. लोकरीच्या गिरण्यांचं. तिथली आर्मली मिल्स एके काळी जगातली सगळ्यात मोठी लोकरीची गिरणी होती, आज तिथं उद्योगांचं संग्रहालय आहे. हा बँड उभा राहत होता तेव्हा उत्तर इंग्लंडमधले कापडाचे कारखाने एकामागून एक बंद होत होते. मी लीड्स पाहिलेलं नाही. पण भोंग्यावर घड्याळ लावणारं आणि मग एक दिवस भोंगाच न वाजलेलं शहर मी पाहिलंय, तूही त्यातच राहतोस. पहिल्यांदा हे गाणं ऐकलं तेव्हा मला इंग्रजी अर्धंमुर्धं कळलं होतं. यंत्र कळलं होतं.

मग थेट पाचवं लाव, ‘दिस करोजन’. करोजन म्हणजे गंज. आणि त्याच्या आधीची गोष्ट माहीत असू दे. मार्च १९८५ मध्ये बँडचा पहिला अल्बम आला, ‘फर्स्ट अँड लास्ट अँड ऑलवेज’. त्याच वर्षी सगळं मोडलं. गिटारवाला गॅरी मार्क्स बाहेर पडला. मग दुसरा गिटारवाला वेन हसी आणि बेसवाला क्रेग ॲडम्सही गेले, आणि जुन्या नावाशी मिळतंजुळतं ‘सिस्टरहुड’ हे नाव घेऊन वाजवायला लागले. एल्ड्रिचनं त्याच नावानं घाईघाईनं स्वतःची रेकॉर्ड काढली आणि नाव अडवलं. त्या दोघांनी पुढे ‘द मिशन’ काढला, तोही चांगला चालला. इकडे एल्ड्रिच आणि डॉक्टर एवढेच उरले. नंतर बेसवाली पॅट्रिशिया मॉरिसन आली, ‘फ्लडलँड’च्या मुखपृष्ठावर त्याच्यासोबत तीच आहे.

अशा वेळी माणूस काय करेल? दोन गिटारा घेऊन रडगाणं गाईल. यानं न्यूयॉर्क गाठलं, भव्य नाटकी रॉकसाठी गाजलेल्या जिम स्टाइनमनला निर्माता म्हणून घेतलं, आणि न्यूयॉर्क कोरल सोसायटीचे ४० गायक उभे केले. सोडून गेलेल्यांना उद्देशून लिहिलेलं हे गाणं अकरा मिनिटांच्या आसपास चालतं, आणि सुरू होतं ते त्या ४० गळ्यांनी. ज्याच्याकडे बँड उरला नाही त्यानं गाव गोळा केलं. इंग्लंडच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत ते सातव्या क्रमांकापर्यंत गेलं, पण मला त्यातला क्षण आवडतो तो वेगळाच. समूहगान थांबतं आणि डॉक्टरचा ठोका एकटा पुढे येतो, तो. गर्दी येऊन गेली तरी खाली माग चालूच होता, हे तिथं कळतं.

पुराचं. १९८५ नंतर एल्ड्रिच जर्मनीत हॅम्बुर्गला राहत होता. एल्बे नदीवरचं मोठं बंदर, जिकडे जाशील तिकडे पाणी. ते पाणी या अल्बमभर आहे, ‘फ्लड वन’ आणि ‘फ्लड टू’ अशी दोन गाणीच आहेत. आपल्याला हे लांबचं वाटतं. आपल्या नळाला चार-चार दिवसांनी पाणी येतं, पाणी म्हणजे पिंपात भरून ठेवायची वस्तू. पण मी लहानपणी मामाकडे पंढरपुरात चंद्रभागेचा पूर बघितलाय. मला वाटलं होतं पूर गर्जत येत असेल. तसं नव्हतं. घाटाची एक पायरी दिसायची, थोड्या वेळानं बघावं तर ती नाही. मग तिच्या वरची नाही. पुंडलिकाच्या देवळाभोवती पाणी, वाळवंट कुठंच नाही, आणि घाटावर उभी माणसं हळू आवाजात बोलत होती, मोठ्यानं बोललं तर पाणी ऐकेल अशी. ‘फ्लड टू’ तसं चढतं. जोरात नाही. तू पायऱ्या मोजत राहा.

शेवटची दोन, ‘ड्रिव्हन लाइक द स्नो’ आणि ‘नेव्हर लँड’चा तुकडा, आत्ता ऐकली नाहीस तरी चालेल. थंडीत ऐक. आणि पहिलं ‘डोमिनियन / मदर रशिया’ सगळ्यात शेवटी. त्याचा व्हिडिओ जॉर्डनमध्ये पेट्राच्या दगडात कोरलेल्या शहरात घेतलाय, तोही बघ, पण आधी गाणं.

तू टेक्स्टाइलचा म्हणून एक सांगतो. ‘फ्लडलँड’चं काम ज्या स्टुडिओंत झालं त्यातला एक बाथजवळचा ‘द वूल हॉल’. लोकरीचं दालन. नावातच धागा आहे.

प्रश्न : पुढचा अल्बम कधी?
(वाचक, जोडभावी पेठ)

उत्तर : १९९० मध्ये ‘व्हिजन थिंग’ आला, आणि तिथं थांबलं. रेकॉर्ड कंपनीशी बिनसलं. एकूण तीनच स्टुडिओ अल्बम. बँड आजही कार्यक्रम करतो, त्यात नवी गाणीही गातो, पण ती अल्बममध्ये बांधत नाही. मला याचं वाईट वाटतं.

प्रश्न : तुमच्या दुकानात मी कॉलेजात असताना यायचो. काउंटरवर उजवीकडे मोठा लाकडी स्पीकर असायचा आणि त्याला हात लावून एक म्हातारे गृहस्थ बसलेले असायचे. ते कोण होते? आणि ‘फ्लडलँड’ची ती कॅसेट अजून आहे का?
(एक जुना गिऱ्हाईक, सध्या पुणे)

उत्तर : ते माझे वडील.

कॅसेट आहे. टॉवेल निर्यात करणाऱ्या एका घरातला मुलगा नव्वदीच्या सुरुवातीला फ्रँकफर्टच्या कापड-प्रदर्शनाहून परत आला, तेव्हा त्यानं ती आणली होती. त्याची त्याला परत केली, आणि त्याआधी एका साठ मिनिटांच्या कोऱ्या कॅसेटवर माझ्यासाठी भरून घेतली. तीच अजून माझ्याकडे आहे. पाठीवर निळ्या शाईनं मराठीत ‘फ्लडलँड’ लिहिलंय, त्यातला ‘लँ’ पुसट झालाय.

बाबा गिरणीत जॉबर, म्हणजे मागांवर देखरेख करणारे, होते. गिरणी बंद पडल्यावर पूर्व भागातल्या एका यंत्रमागाच्या कारखान्यात लागले, तिथंही बारा वर्षं काढली. मागांच्या खडखडाटानं कान गेले. बारीक, उंच आवाज आधी गेले. दाराची घंटी, चिमण्या, माझ्या मुलीचं बोलणं. तिला ते ‘जरा जाड आवाजात बोल गं’ म्हणायचे आणि ती बिचारी हनुवटी छातीला टेकवून बोलायची. दुपारी दुकानात आले की स्पीकरच्या लाकडी खोक्यावर डावा तळवा टेकवून बसायचे. माग चालू असताना जॉबर असाच चौकटीवर हात ठेवून उभा राहतो. कुठला दोरा सैल पडलाय, धोटा कुठं अडखळतोय, ते त्याला हातातून कळतं. गझल लावली की बाबा हात काढून घ्यायचे. ‘फ्लडलँड’ लावलं की ठेवायचे. गाणी कुणाची, कुठल्या भाषेतली, त्यांनी कधी विचारलं नाही. एकदाच म्हणाले, ‘चांगला चाललाय.’

एका मे महिन्यात टेपनं रीळ खाल्लं. झाकण उघडलं तर फीत रबराच्या चाकाला गुंडाळलेली, चुरगळून पंख्यासारख्या घड्या पडलेल्या. मी पेन्सिल घालून ती हळूहळू सोडवली. चुरगळलेला तुकडा ब्लेडनं तिरका कापला, दोन टोकं काचेवर एकमेकांना भिडवली आणि मागून चिकटपट्टी लावली. फीत चार मिलिमीटरसुद्धा रुंद नसते, श्वास धरून करायचं काम. सगळं मिळून सव्वा सेंटिमीटर गेलं असेल. कॅसेट सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटर धावते, म्हणजे सेकंदाचा पाव भाग. सांधा ‘लुक्रेशिया’च्या मधोमध आला. उलट्या बाजूला तोच ‘फ्लड टू’मध्ये येतो. मी दोन-तीनदा लावून ऐकलं आणि मला वाटलं, जमलं, कुणाला कळायचं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाबा आले. मी काही बोललो नाही, पहिल्यापासून कॅसेट लावली. ते नेहमीसारखे बसले, तळवा खोक्यावर, डोळे बाहेर रस्त्यावर. दोन गाणी गेली. ‘लुक्रेशिया’ सुरू झालं, अर्ध्यात आलं. बाबांनी हात उचलला, तळव्याकडे बघितलं, पुन्हा ठेवला. मग माझ्याकडे वळून म्हणाले,

‘हितं गाठ मारलीस काय?’